हरकतदार हजर आहेत का?

मी पत्रकं लिहिते. पत्रकाची एक शिस्त असते. पहिल्या ओळीत अन्याय, दुसऱ्या ओळीत तो करणारा, शेवटी मागणी. ऊन, सावली, वारा यांना त्यात जागा नसते. कागद महाग असतो. तरी आईच्या कर्जाचे ते आठ दिवस मला पत्रकासारखे आठवत नाहीत. पाण्याखालून पाहिल्यासारखे आठवतात. याचा मला रागच येतो. ज्या गोष्टीवर दात ओठ खावेत ती अशी मऊ होऊन का येते? पण येते. आली तशी लिहिते.

आई धुळ्यात राहते, मी कामासाठी जळगावला. तेव्हा ती एका वसतिगृहाच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची, दोन्ही वेळच्या. वडील मी पाचवीत असताना सुरतेला कामाला गेले आणि सुरत त्यांना मानवली. ते परत आले नाहीत. आईनं त्यावर कधी भाषण केलं नाही, तो वारसा माझ्याकडे कुठून आला कोण जाणे. उन्हाळ्यात मात्र ती मेसच्या दोन वेळांच्या मधे शेजाऱ्यांच्या गच्चीवर बिबडे घालायची. ज्वारी तीन दिवस भिजवायची, निथळून दळायची, तिखट-तीळ-लसूण घालून शिजवायची आणि ओल्या हातानं फडक्यावर थापून वाळवायची. तिच्या बिबड्यांना मागणी होती. अडायचं ते दळणाशी. गिरणीवाला भिजलेली ज्वारी घ्यायचा नाही, म्हणायचा, "अक्का, दगड बसतो माझा." सगळ्यांचं दळण झाल्यावर उपकार केल्यासारखं दळून द्यायचा, तेही त्याच्या मनात असेल तर.

आईला स्वतःची घरघंटी हवी होती. घरघंटी आली की मेस सोडायची, एवढंच तिचं ठरलेलं. होळी झाली की ऊन लागतं आणि बिबड्यांचा हंगाम सुरू होतो, तो पहिल्या ढगापर्यंत. तेवढ्यात जमलं तर जमलं, नाहीतर आणखी एक वर्ष दुसऱ्याच्या शेगडीपुढे.

बँकेत गेली तर साहेबांनी नवऱ्याची सही मागितली. आई म्हणाली, "सुरतमा शोधा. सापडना तर मालेबी सांगा." साहेब हसले आणि अर्ज परत दिला. हसून परत दिला, हे विशेष.

राहिली गल्लीतली पतसंस्था. गल्लीला नंबर आहे, तो सांगत नाही. खाली डाळीचं दुकान, वर पतसंस्था, आणि जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर एक काळा फळा. त्या संस्थेची रीत अशी की कर्जाचा अर्ज आला की अर्जदाराचं नाव त्या फळ्यावर लिहायचं आणि आठ दिवस ठेवायचं. वर ओळ ठरलेली: 'कोणाची हरकत असल्यास लेखी कळवावे.' खाली पत्र्याची पेटी. नवव्या दिवशी कमिटी बसते. हरकत आलेली असेल तर शिपाई गॅलरीतून हरकतदाराच्या नावानं तीनदा पुकारा करतो. तो आला तर त्याचं ऐकतात, नाही आला तर हरकत गळते. अर्ज पास झाला तर अर्जदार स्वतः खाली येऊन ओल्या फडक्यानं आपलं नाव पुसतो. नापास झाला तर शिपाई पुसतो.

हे शेवटचं नीट वाचा. कोण पुसतंय एवढं पाहिलं की गल्लीला सगळं कळतं.

आमच्या घराच्या मागे एक ताई शिवणकाम करायची. तिनं पिको मशीनसाठी अर्ज केला होता. तिच्या दिरानं हरकत टाकली की बाई घरात टिकत नाही. कमिटीनं ऐकलं, मान डोलावली, आणि चारच्या सुमाराला, नेमकी दुकानं उघडायच्या वेळी, शिपाई फडकं घेऊन खाली आला. ती ताई तेव्हा समोर बांगड्यांच्या दुकानात उभी होती. नंतर ती बाजाराला मागच्या गल्लीनं वळसा घालून जायला लागली. अजून तशीच जाते.

तेव्हा मी पत्रक काढलं होतं. मथळा होता, 'फळा की फाशी?' भर चौकात वाटलं. संस्थेच्या दारात दोन तास उभी राहिले. आणि निघताना वहीचं पान फाडून त्यांच्याच पेटीत टाकलं: 'या फळ्यावर यापुढे लिहिल्या जाणाऱ्या प्रत्येक नावाला माझी हरकत आहे.' खाली सही आणि पूर्ण नाव. जळगावच्या गाडीत बसेपर्यंत मला ते फार जोरदार वाटत होतं. पारोळा येईपर्यंत झोप लागली. पुढे दुसरी आंदोलनं आली, दुसरी पत्रकं आली, आणि ते पान मी विसरून गेले. त्यांनी टोपलीत टाकलं असेल असं धरून चालले.

तीन वर्षांनी आईचा फोन आला. आवाज असा, जणू एखाद्या लग्नाला जाऊन आली आहे.

"मन्हं नाव लागनं वं फळावर."

मी म्हटलं, "कुठल्या फळ्यावर?" आणि विचारता विचारताच कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडली. रजा टाकून आठ दिवस राहायलाच गेले, म्हटलं हा फळा या वेळी उतरवूनच येते.

आई घरी नव्हती. संस्थेसमोरच्या रसवंतीत बाकावर बसली होती, रस न घेता. रसवंतीवाल्या दादानं तिला तिथं बसायची मुभा दिली होती, नाव लागल्यापासून ती तिथंच येऊन बसत होती. समोर फळा. संस्थेचे सचिव, ज्यांना सगळी गल्ली नाना म्हणते, ते निवृत्त मास्तर. खडू पाण्यात बुडवून लिहितात, म्हणून अक्षर वाळल्यावर पांढरं लखलखतं. वळणदार, टपोरं, शिरोरेघ एका दमात ओढलेली. त्या अक्षरात माझ्या आईचं नाव होतं.

"दख," ती म्हणाली. "कसं लिखेल शे."

"आई, हे लाजिरवाणं आहे. तुझं नाव चव्हाट्यावर टांगलंय त्यांनी."

"टांगेल नई. लिखेल शे."

"कोणीही येऊन तुझ्याबद्दल काहीही लिहून टाकेल पेटीत."

"टाकू दे. आतेपावत मन्हं नाव कोठे व्हतं? रेशनकार्डवर. तेबी तुन्हा बापना नावना खाले." मग जरा थांबून, डोळे न हलवता, "बठ्ठी गल्ली वाचस." सगळी गल्ली वाचते म्हणे.

माझ्याकडे तिसऱ्या ओळीत टाकायला मागणी तयार होती. पण आई मान किंचित कलती करून अशी पाहत होती की ती मागणी माझ्या वहीतच राहिली. दादानं दोन ग्लास ठेवले आणि मला म्हणाला, "तुमचं नाव तर आम्हाला पाठच आहे, ताई." मला वाटलं, पत्रकामुळे. बरंही वाटलं.

मग ते आठ दिवस. माझ्या आठवणीत त्यांचा एकच दिवस झाला आहे. धुळ्याचं फाल्गुनातलं ऊन, एक वाजता सगळ्या गल्लीची शटरं खाली, डाळवाला पोत्यावर आडवा, त्याच्या पोटावर वर्तमानपत्र खालीवर होतंय. कुत्रीसुद्धा गटारीच्या कडेच्या सावलीत चपटी झालेली. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज इतका लांबून यायचा की तो दुसऱ्या गावातला वाटावा. रसवंतीच्या चरकाचे घुंगरू मधेच एकदा वाजायचे, कोणी हात लावला नसताना. आणि त्या सगळ्या झोपेत एकटा तो फळा जागा. उन्हाची तिरीप जिन्याच्या कठड्यातून शिरून आईच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर बसायची, आणि मेसची संध्याकाळची वेळ होईपर्यंत ती शेवटच्या अक्षरापर्यंत सरकलेली असायची. आई तेवढं पाहून उठायची. मेसचा रस्ता उलट्या बाजूला होता, तरी ती या गल्लीतूनच जायची आणि या गल्लीतूनच यायची.

मी चिडायचा प्रयत्न करत होते. वही उघडून बसायचे आणि वहीवर डोळा लागायचा.

चार वाजता शटरं वर जायची आणि चेष्टा सुरू व्हायची. डाळवाला, मूळचा मारवाडातला पण बोलणं पक्कं धुळ्याचं, आईला बघून ओरडायचा, "अक्का, बिबडे चारा नाहीतर आज हरकत टाकतो!"

"टाक ना भाऊ. तू दुफारले दुकानमा कसा घोरस ते मी बठ्ठासले सांगसू."

"घोरतो कुठं? माल राखतो मी!"

"हा, उंदीरबी तेच म्हनतस."

सहाव्या दिवशी तिनं मेसमध्ये सांगून टाकलं की होळीनंतर मी येणार नाही. मुकादमानं लगेच दुसरी बाई ठरवली, संध्याकाळी ती पोळपाट बघूनही गेली. मी म्हटलं, "अगं, अजून पास कुठं झालंय?" आई म्हणाली, "सहा दिनमा येक कागद पडना का पेटीमा? मी रोज दखस." खरंच पडला नव्हता. ती पेटीचंही बघत होती.

नवव्या दिवशी सकाळी अकराला कमिटी बसली. वर एक लांब खोली, भिंतीला टेकून बाक, समोर टेबल. मधे चेअरमन, कापसाचे जुने व्यापारी, त्यांना सगळे आबा म्हणतात. शेजारी नाना, पुढ्यात रजिस्टर. आणखी तिघं होते, ते पूर्णवेळ पंख्याखाली पापण्या मिटून होते. आई बाकावर, लग्नाकार्याची हिरवी साडी नेसून. मी तिच्या शेजारी. खिडकीतून येणारं ऊन फरशीवर दूध सांडल्यासारखं पसरलं होतं. मला पेंग येत होती.

नानांनी आईचं नाव वाचलं, कारण वाचलं, "हरकत एक" म्हणाले आणि पान उलटलं. मला ते ऐकू आलं आणि आलंही नाही. म्हातारा शिपाई खुर्चीवरून उठला, गॅलरीत गेला, कठड्याला धरून खालच्या रस्त्याकडे तोंड करून लांब सुरात त्यानं एक नाव पुकारलं आणि पुढे जोडलं, "हरकतदार हजर आहेत का?"

ते माझं नाव होतं.

पुन्हा पुकारलं. सूर ठरलेला, आरतीतल्यासारखा. खालून रसवंतीवाला दादा त्याच सुरात गुणगुणला. तिसऱ्यांदा माझं नाव त्या खोलीतून, गल्लीवरून, उन्हातून गेलं, आणि शाळेपासून मोर्चापर्यंत जन्मभर लागलेल्या सवयीनं मी हात वर केला आणि म्हणाले,

"हजर!"

पंख्याखालच्या तिघांचे डोळे उघडले. शिपाई गॅलरीतून वळला आणि माझ्याकडे भुताकडे बघावं तसा बघत राहिला.

मग उलगडलं. माझं ते वहीचं पान त्यांनी टोपलीत टाकलेलं नव्हतं. नानांनी ते रजिस्टरला चिकटवलं होतं. 'प्रत्येक नावाला' असं मी लिहिलं होतं, म्हणून तीन वर्षं प्रत्येक नावाच्या वेळी माझा पुकारा होत होता. मी जळगावात कुठं घोषणा लिहीत असेन, कुठं चहा पीत असेन, आणि इकडे या गल्लीत माझं नाव रस्त्यावर तीन-तीनदा घुमत होतं. रजिस्टरच्या त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: गैरहजर, गैरहजर, गैरहजर. सगळ्यांत खाली, शाई ओली, नानांनी आत्ताच लिहिलेलं: हजर.

"चुकून म्हणाले," मी म्हटलं.

"चुकून कसं?" आबा म्हणाले. "तुम्ही तुमच्या पायानं आलात, तुमच्या तोंडानं बोललात."

"खोडा ना ते."

नानांनी चष्म्यावरून पाहिलं. "रजिस्टरमध्ये खाडाखोड मी चाळीस वर्षं पोरांना करू दिली नाही, ताई."

आईनं माझ्या मांडीवर चिमटा काढला, खरा, कळ येईल असा. "तोंडमा दगड व्हतात का तुन्हा?"

आबांनी समजुतीच्या सुरात नियम सांगितला. हरकतदार हजर, म्हणजे एक तर हरकत लेखी मागं घ्यायची, सगळीच्या सगळी. नाही तर सुनावणी. सुनावणीत कमिटीचं एकमत झालं नाही तर विषय पुढच्या महिन्यात. "दोन ओळी लिहा," ते म्हणाले, "अक्कांचं काम होऊन जाईल. होळी तोंडावर आलीय."

पुढचा महिना म्हणजे चैत्र निम्मा गेलेला. मेसमध्ये आईचं लाटणं दुसरीच्या हातात. मला हे सगळं माहीत होतं. नानांनी कागद पुढे केला आणि मी लिहायला घेतलं, खोटं कशाला सांगू. 'मी माझी हरकत' एवढं लिहून झालं. पुढचे शब्द येईनात. डोळ्यांपुढे सारखी ती शिवणकामवाली ताई, बांगड्यांच्या दुकानात, हात काउंटरवर तसेच ठेवलेले. बांगडीवाला तिचं माप घेत होता आणि तिचं लक्ष रस्त्यापलीकडे फडक्यावर.

आई वाकून वाचत होती. तिला वाचायला वेळ लागतो, तिच्या ओठांवर शब्द दिसतात. तीन शब्द वाचून ती थांबली.

"तू हाई त्या शिवनकामवालीना करता टाकेल व्हतं ना?"

"हो."

"मंग तिले काय सांगशी आते?"

आईनं माझ्या हातातलं पेन काढून टेबलावर ठेवलं. हिरव्या साडीचा पदर नीट केला.

"आबा, ऐकी ल्या तिनं," ती म्हणाली. "मी बठेल शे."

चौकात शेकडो लोकांपुढे बोलले आहे मी. त्या खोलीत समोर सहाच जण होते. काय बोलले ते सलग आठवत नाही. पंख्याचं एक पातं टकटक करत होतं आणि त्याच्या तालावर माझे शब्द पडत होते, ते दुसऱ्या कोणाचे असावेत असे. ताईचं सांगितलं. दिराचं सांगितलं. चार वाजताचं सांगितलं. ती कुठल्या गल्लीनं जाते ते सांगितलं. "तुम्ही एका माणसाचं ऐकून एका बाईला सगळ्या गल्लीत पुसून टाकलंत," असं काहीतरी म्हणाले, ते पत्रकातलंच होतं. शिपाई खाली मान घालून बसला होता. फडकं त्याच्या खुर्चीच्या पाठीवर वाळत होतं.

आबांनी त्या फडक्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पोरी, फळा काढला तर आम्ही कर्ज द्यायचं कशावर? तुझ्या आईकडे सात-बारा आहे? पगाराची चिठ्ठी आहे? बँकेनं तिला काय विचारलं, ठाऊक आहे मला. आमच्याकडे एकच कागद. गल्ली ओळखते का? तो फळाच सांगतो."

गल्ली ओळखते खरी, पण गल्लीला बाईबद्दल काय ऐकायला आवडतं, हा माझा प्रश्न आहे, आणि तो मी तेव्हा विचारला नाही.

बोलली ती आई. उठून उभी राहून.

"फळा राहू द्या, आबा. आठ दिन मन्हं नाव तठे व्हतं, माले गोड लागनं. पन पुसाले ज्यानं त्याले द्या. पास व्हवो का नापास. हाई भाऊले काबर धाडतस खाले?" शिपायाकडे हात केला तिनं. "ज्यानं नाव, त्यानं पुसानं. मंग गल्लीले काय समजस?"

पंखा टकटक करत राहिला. नानांनी पेनला टोपण लावलं, पुन्हा काढलं. शिपाई म्हणाला, त्याला कोणी विचारलं नव्हतं, "मला तर कधीच बरं वाटलं नाही ते काम."

"हा ठरावाचा विषय आहे," आबा म्हणाले. "वार्षिक सभेत मांडू." मग तिघांकडे पाहिलं, तिघांनी हात वर केले. नानांनी लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं: हरकत ऐकली. अर्जदाराविरुद्ध हरकतदाराचं काही म्हणणं नाही. कर्ज मंजूर. मी म्हटलं, "खाली लिहा, फळ्याबद्दलची हरकत कायम." नानांनी आबांकडे पाहिलं. आबांनी डोळे मिटून मान हलवली. तेही लिहिलं गेलं.

शिपायानं फडकं बादलीत बुडवून, पिळून आईच्या हातात दिलं. आम्ही खाली आलो तेव्हा एक वाजत आला होता, शटरं उतरत होती. डाळवाला शटर अर्ध्यावर धरून थांबला. दादा घुंगरू मुठीत धरून थांबला. आई फळ्यापुढे उभी राहिली आणि तिनं काही केलंच नाही. ती फक्त वाचत होती, तेच पुन्हा, ओठांवर. फडक्याचं पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळलं.

"पुसा ना अक्का, झोपायचंय मला," डाळवाला म्हणाला.

"झोप ना मंग. तुले कोन धरेल शे?"

मग तिनं पुसलं. एका बाजूनं दुसऱ्या बाजूला, घरची फरशी पुसावी तसं निगुतीनं. फळा ओला, काळा, कोरा झाला. ती वळलीसुद्धा. पण ते धुळ्याचं ऊन होतं. आम्ही रस्ता ओलांडेपर्यंत फळ्याच्या कडा सुकायला लागल्या आणि ओल आत आत सरकताना खालून अक्षरं परत आली, फिकी, धुरासारखी, शिरोरेघेसकट. आई रसवंतीच्या सावलीत थांबून तेही पाहत राहिली. मी घाई केली नाही.

ठराव अजून झालेला नाही. दरवर्षी वेळ संपते आणि तो पुढे जातो. फडकं मात्र आता शिपायाच्या खुर्चीवर नसतं, खाली फळ्याशेजारी खिळ्याला लटकलेलं असतं, आणि निकाल काहीही लागो, शिपाई जिना उतरत नाही, असं आई सांगते. शिवणकामवाली ताई मागच्या गल्लीनंच जाते. तिच्या दारावरून जायचं म्हणून आई हल्ली बिबड्यांचं डबडं घेऊन तिकडून वळसा घालते. दोघी काय बोलतात ते मला सांगत नाही.

माझा पुकाराही चालू आहे. हरकत कायम आहे ना. घरघंटी लागल्यापासून आई संस्थेच्या शेजारच्याच गच्चीवर बिबडे घालते. सकाळी अकराला गॅलरीतून माझं नाव तीनदा येतं, तेव्हा ती थापलेल्या बिबड्यावरून हात न उचलता वरूनच ओरडून सांगते, "जळगावले शे ती!" आणि आत नाना लिहितात, गैरहजर.